विषय: वळताना चाकातून घरघर (गुहागरहून विचारते आहे)

मंडळी, नमस्कार.

गणपतीला म्हणून आले, ती अजून गुहागरलाच आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दर आठवड्याला त्यांना चिपळूणला दाखवायला न्यायचं, म्हणजे एका बाजूचे साधारण 45 किलोमीटर, आणि सगळी भिस्त त्यांच्या 14 वर्षांच्या गाडीवर.

आठवडा झाला, गाडी उजवीकडे वळवली की पुढून घरघर येते, जात्यावर कुणी दळत बसल्यासारखी. मध्येच पत्रा खरवडल्यागत करकरही होते. सरळ रस्त्याला आवाज कमी. इथल्या एका गॅरेजात दाखवली, तर चाक न उचलताच सांगितलं, दोन्ही ॲक्सल बदला. खर्चाचं आहेच, पण बाबा शेजारी बसलेले असताना वळणावर चाकाचं काही झालं तर, या विचाराने हात थंड पडतात. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

---

अगं, ॲक्सलला इतक्यात हात लावू देऊ नकोस.

ॲक्सल म्हणजे चाक फिरवणारा दांडा. त्याचा बाहेरचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, गेला की टकटक वाजतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिलास की टक, टक, टक, चाकाच्या गतीबरोबर. त्याआधी बहुधा सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटतो आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं. टॉर्च घेऊन बघ. बूट धड असेल आणि टकटक नसेल, तर ॲक्सल बदलून काय मिळणार?

तू दोन आवाज लिहिलेस, ते मला वेगवेगळे वाटतात. करकर ब्रेकच्या डिस्कमागच्या पातळ पत्र्याची असावी. त्यात खडा अडकतो किंवा पत्रा गंजून वाकतो आणि डिस्कला घासतो. ब्रेक पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागलं तरी खरवडतं, पण ते ब्रेक दाबल्यावर वाढतं, म्हणून पॅडही बघून घे. घरघर मात्र बेअरिंगची, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या कड्याची. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून माझा संशय पुढच्या डाव्या चाकावर.

सपाट जागा बघ, मागच्या चाकांना पुढूनमागून चिऱ्याचे तुकडे लाव, हँडब्रेक ओढ, गाडी न्यूट्रलला ठेव आणि डावं चाक जॅकवर घे. गाडीखाली शिरायचं नाही. चाक घड्याळाच्या 12 आणि 6 वर धरून हलव. लटपटलं तर बहुतेक बेअरिंग. 3 आणि 9 वर धरून फक्त तेव्हाच लटपटलं तर स्टिअरिंगचा टाय रॉड. मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरव. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून बारीक थरथर हाताला लागते. कानापेक्षा हात लवकर सांगतो.

आणि गाडी पाण्यात गेली होती का? इकडे टोरांटोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्यांचे पत्रे कसे खातं ते इतकी वर्षं बघतोय. तुमच्याकडे तर दारातच समुद्र.

---

ताई, मी मूळचा मालवणचा. काकांनी पाण्याचं विचारलं ते बरोबर. वाळूवर गाडी घातली होती का कुणी? आमच्याकडे पुळणीवर गाडी रुतते आणि मग भरती येते, दरवर्षी कुणाची ना कुणाची.

---

काका, दादा, तुम्ही विचारलंत आणि मी चुलत भावाला धरलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने गाडी समुद्रावर नेली होती. ओल्या वाळूत पुढची चाकं रुतली आणि लाटेचं पाणी अर्ध्या चाकापर्यंत आलं. बिचारा घाबरून गप्प बसला होता. नळाखाली बाहेरून धुतली एवढंच.

काल अंगणात चाक उचललं. बूट धड, ग्रीस कुठे उडालेलं नाही, पॅड जाड आहेत. डिस्क आणि पत्र्याच्या मधे वाळू बसलेली आणि एक लहान खडा, हरभऱ्याएवढा. खडा काढला, पाण्याने वाळू धुतली, पत्रा बोटाने जरासा मागे वाकवला. वेळणेश्वरच्या रस्त्याला जाऊन आले. करकर पूर्ण गेली. घरघर तशीच.

मग तुम्ही सांगितलंत तसा स्प्रिंगवर हात ठेवला. उजव्या चाकाला काही नाही, गुळगुळीत. डाव्याला बारीक थरथर, मोबाइल वाजतो तशी. 12 आणि 6 वर किंचित हललंसुद्धा. बाबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनाही हात लावायला दिला. म्हणाले, "हे बेअरिंगच गो."

आज दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथल्या फिटरने आधी चाक फिरवून बघितलं, मगच बोलला. हातोड्याने ठोकून बसवणार नाही, प्रेसवर बसवून आणतो, असं स्वतःहून म्हणाला. जुनं बेअरिंग मी मागून घेतलं. बोटाने फिरवलं तर आत खसखस असल्यासारखं खरखरतं, आणि सीलच्या कडेला ग्रीसऐवजी तांबूस चिखल. दोन्ही ॲक्सल जागच्या जागी आहेत.

परतताना मोडकाआगरच्या वळणाला काच खाली करून ऐकलं. नुसता टायरचा आवाज. बाबा डोळे मिटून बसले होते, म्हणाले, "आता गाडी माझी वाटते."

बुधवारी चिपळूण. काका, आणखी काही बघायला हवं?

---

छान केलंस. ॲक्सलचा मोठा नट नवा लावला ना, ते विचारून घे. बऱ्याच गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो. बुधवारी निघण्याआधी चाकाचे नट पुन्हा आवळून घे. आणि डावं मागचं चाकही एकदा उचलून फिरवून बघ, समुद्रात तेही होतं. बाबांना नमस्कार सांग.