वर चढायचं तर सहकाऱ्यांच्या खांद्यावर पाय द्यावाच लागतो का?

रामबागवाली
परवा ‘सुपर कॉरिडॉर’ यांनी आपल्या इंदूरकरांच्या या फोरमवर लिहिलं होतं: ‘सहकाऱ्यांना चहा पाजा, माहिती पाजू नका. चांगुलपणा म्हणजे प्रमोशन हुकलेल्यांचं उत्तेजनार्थ बक्षीस.’ वर त्याला भरभरून अंगठे. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

टीम लीडचा मॅनेजर झाला की त्याचं स्वतःच्या हाताचं काम जवळजवळ संपतं. रोज सकाळी त्याच्यापुढे येतं ते दुसऱ्यांनी सांगितलेलं. काम कुठे अडकलं, ग्राहक का चिडला, टीममधलं कोण बाहेर मुलाखती देऊन राहिलं. ज्यांच्यापासून दोन वर्षं माहिती दडवली, तेच आता सांगणारे. ते खोटं बोलत नाहीत हो, फक्त उशिरा बोलतात. बुधवारी दिसलेली चूक शुक्रवारी संध्याकाळी सहाला कळते, सॉफ्टवेअरचा रिलीज सातला असतो.

आणि चांगलं वागणं म्हणजे गोड बोलणं नव्हे. मेलचंच घ्या. चूक दिसली की आधी त्या माणसाला फोन, मग दोघांतच एक मेल, आणि दोन दिवस उत्तर नाही आलं तरच साहेब कॉपीत. हा क्रम उलटा केला की समोरचा दुरुस्ती सोडून स्वतःचा बचाव लिहायला बसतो. पंधरा मिनिटांच्या कामाला सतरा मेल. हे करणारे पुढे जातात म्हणता, जातात. एक पायरी. दुसऱ्या पायरीच्या वेळी वरचे लोक खालच्यांना विचारतात.

सुपर कॉरिडॉर
ताई, कोण विचारतं खालच्यांना? रेटिंगची मीटिंग कशी चालते ते सांगतो. अकरा जणांची टीम, वरचं रेटिंग एकाला, फार ओढाताण केली तर दोघांना. एकेका माणसाला मिळतात दोन-तीन मिनिटं. त्यात ‘सगळ्यांना मदत करतो’ हे वाक्य कुठल्याच खान्यात बसत नाही. खाना असतो आकड्यांचा. जो दिवसभर दुसऱ्यांच्या अडचणी सोडवतो त्याचं स्वतःचं काम मागे पडतं आणि सुटलेल्या अडचणी दुसऱ्यांच्या नावावर जमा होतात. मी क्रूर नाही, खाना तसा आहे.

रामबागवाली
त्या खान्याचीही गोष्ट ऐका मग. 20-70-10 अशी विभागणी जॅक वेल्श यांनी जीई या अमेरिकी कंपनीचे प्रमुख असताना गाजवली, वरच्या 20 टक्क्यांना बक्षीस, खालच्या 10 टक्क्यांना दार. मायक्रोसॉफ्टनेही असली वर्गवारी चालवली आणि 2013 मध्ये बंद केली. तक्रार हीच होती की हुशार माणसं दुसऱ्या हुशार माणसाच्या टीममध्ये जायला तयार होत नाहीत, कारण तिथे पहिला नंबर घेणारा आधीच बसलेला.

शिवाय लोक ज्याला ‘दयाळू’ मॅनेजर म्हणतात तो मुळात दयाळूच नाही. सगळ्यांना चार-चार रेटिंग देऊन शीट पाठवतो, एचआर ती परत करते, आणि मग कुणाला खाली ओढायचं ते दुसऱ्याच विभागाचा माणूस ठरवतो. खरी दया म्हणजे दर महिन्याला प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी लिहून ठेवणं. काय केलं, कुठल्या तारखेला, किती फरक पडला. त्या दोन-तीन मिनिटांत हेच कामाला येतं. ज्याचं काम ढिलं आहे त्याला ऑक्टोबरातच सांगायचं, ‘असंच चाललं तर दोन मिळेल.’ एप्रिलमध्ये बंद खोलीत धक्का देऊन वर पाठीवर हात फिरवणं, याला काय म्हणायचं?

पीथमपूरकर
ऑफिसवाल्यांचं आपलं मेल आणि शीट. आमच्या पीथमपूरच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर या, भिया. तिथे पाय कसा देतात ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, शिफ्टचे नग मोजतात. डाय, म्हणजे पार्टचा साचा, बदलायला चाळीस मिनिटं. दोन वाजता शिफ्ट संपते, एक वाजता चालू पार्टची ऑर्डर पुरी झालेली. सरळ माणूस डाय बदलायला घेतो. वर चढायची घाई असलेला त्याच डायवर पुढच्या आठवड्याचे नग काढत बसतो. त्याच्या पाटीवर पाचशे नग जादा, पुढच्या शिफ्टची सुरुवातच चाळीस मिनिटं उणे.

याहून वाईट म्हणजे स्ट्रोकचा, म्हणजे प्रेस किती वेळा खाली आली त्याचा, आकडा न लिहिणं. समजा डाय 50 हजार स्ट्रोकला ग्राइंडिंगला, म्हणजे धार लावायला, पाठवायची. काउंटर 49 हजार 800 वर सोडून, वहीत फक्त ‘मशीन ओके’ लिहून हा बसमध्ये जाऊन बसला. धार गेली की पत्र्याला बर येतो, म्हणजे कडेला खरखरीत काठ उरतो. 2 मिमी पत्र्याला वरचा पंच आणि खालची डाय यांमधली फट एका बाजूला 0.1 ते 0.2 मिमी लागते, म्हणून पुढचा सेटर, म्हणजे डाय बसवणारा, आधी फटीवर संशय घेतो, शिमा (फट जुळवायच्या पातळ पट्ट्या) काढ-घाल करतो, तास घालवतो. फट बरोबरच असते. धार गेलेली असते. आणि रिजेक्शन कुणाच्या नावावर? दुसऱ्या शिफ्टच्या.

उपाय उपदेशात नाही. डाय बदलण्याची मिनिटं पाटीवर वेगळी लिहा आणि ज्याने डाय बदलली त्याच्या नगांत ती धरा. हँडओव्हर वहीत ‘ओके’ शब्दाला बंदी. डाय नंबर, काउंटर, शेवटच्या पाच नगांचं माप, पत्र्याची बाकी कॉइल, आणि दोघांची सही मशीनसमोर उभं राहून, बसच्या दारात नव्हे.

सुपर कॉरिडॉर
बघा, म्हणजे तुम्हीसुद्धा शेवटी मोजमापच बदललंत. चांगुलपणा कुठे आला यात?

पीथमपूरकर
मोजमाप बदलेपर्यंत रोज दुपारी एक वाजता कुणीतरी स्वतःचे पाचशे नग सोडून डाय बदलतो ना, त्यात आला.

विजयनगर नाइट शिफ्ट
तुमचं सगळं नोकरीत असलेल्यांपुरतं. सोडून जाणाऱ्याशी कसं वागतात त्यावर कुणी बोलत नाही. राजीनामा दिला की नव्वद दिवस माणूस अस्पृश्य. ग्रुपमधून काढतात, ‘काही देणं बाकी नाही’ अशा नो-ड्यूजच्या कागदावर सही अडवतात, पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच टाकत नाहीत. ज्यांचं अडलंय त्यांच्यासाठी: शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पोर्टलवर स्वतः भरता येते, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. साहेबाच्या पाया पडायची गरज नाही. तारीख मात्र नीट बघून भरा, नंतर दुरुस्तीची भानगड नको.

राजवाडा काका
एवढं महाभारत कशाला? प्रमोशन झालं की डिपार्टमेंटला पोहे-जलेबी खाऊ घाला, सगळे खूश.

सुपर कॉरिडॉर
हे एकदम पटलं. स्वस्तातला चांगुलपणा.

रामबागवाली
त्या पोह्यांतही माणूस कळतो. एचआरच्या यादीत चाळीस नावं, म्हणून चाळीस प्लेटा. गेटवरचे, झाडूवाले, कँटीनची पोरं, ठेक्यावरचे हेल्पर यादीत नसतात. ते उरलेल्या जलेब्या उचलायला येतात, त्याही गार झालेल्या.

पीथमपूरकर
एक नंबर बोललात. आणि प्लांटवर पोहे नेणाऱ्यांनी कृपा करून स्टीलच्या डब्यात झाकण घट्ट लावून नेऊ नये. तासभर बसमध्ये वाफ झाकणाला लागते, पाणी खाली पडतं, पीथमपूर येईपर्यंत गिचका.

राजवाडा काका
झाकणाखाली सुती कापड घालायचं, पाणी तेच पितं. कांदा आणि शेव वेगळी. कांदा आधी मिसळला तर वास सुटतो, शेव आधी घातली तर मऊ पडते.

विजयनगर नाइट शिफ्ट
पोहे वाफेवर ठेवलेले नसतील तर त्याला इंदूरचे पोहे म्हणू नका. खाली उकळतं पाणी, वर पातेलं. सकाळी सहाला केलेले दहाला तसेच मऊ. डब्यातले पोहे म्हणजे डब्यातलेच.

राजवाडा काका
आता प्रेस शॉपमध्ये शेगडी पेटवू देतील का, बाळा? सेफ्टीवाला येईल.

सुपर कॉरिडॉर
धागा कशाचा होता कुणाला आठवतंय का?

रामबागवाली
तुम्हाला आठवत असेल तर पुढचं ऐका. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी 1990च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजल्या. जिथे परिचारिकांशी वरिष्ठ नीट वागत, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडा निघाला जास्त. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती वहीत येत होती. दुसरीकडे ती पोटात राहत होती.

सुपर कॉरिडॉर
अमेरिका, रुग्णालय, परिचारिका. पुढे नासाही आणा. चला, डाय बदलण्याची मिनिटं वेगळी लिहायची, मान्य. ऑक्टोबरातच सांगायचं, तेही मान्य, नाइलाजाने. पण माहिती फुकट वाटणारा माणूस वर गेलेला मला दाखवा, मग बोलू.

पीथमपूरकर
फुकट कोण म्हणालं? ज्या सेटरने बर कशाने येतो ते शोधलं, महिन्याच्या रिव्ह्यूत त्या ओळीपुढे त्याचंच नाव लिहायचं, ‘आमच्या टीमने’ नाही. पुढच्या वेळी तो काउंटर बघून स्वतः फोन करतो. हा झाला मोबदला.

सुपर कॉरिडॉर
अहो, पण नाव त्याचं लागलं तर माझं काय?

रामबागवाली
तुमचं नाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असतंच की.

राजवाडा काका
तुमचं चालू द्या. तिकडे शनिवारी एकाचं प्रमोशन आहे, हिशेब सांगतो: यादीतले चाळीस, बाहेरचे वीस. साठ जणांना कोरडे जाड पोहे पाच किलो, शेव सवा किलो, कांदा दोन किलो, लिंबं तीस, जलेबी पाच किलो. जलेबी सगळ्यात शेवटी उचलायची, पिशवीचं तोंड उघडं ठेवून.

विजयनगर नाइट शिफ्ट
पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, जीरावण, विसरलात, काका. इंदुरात राहून.

राजवाडा काका
शंभर ग्रॅम. आणि रात्रपाळीसाठी वेगळी दहा माणसं धरा, ती तर आमच्याही यादीत नव्हती.