विषय: होम प्लेटवरची धडक, कोल्हापूरच्या काकांना प्रश्न

काका, सा. न.
शनिवारी बेसबॉलच्या सामन्यात आमचा लेक कॅचर होता, म्हणजे धाव जिथे पुरी होते त्या होम प्लेटपाशी चेंडू झेलणारा. थर्डवरून (तिसऱ्या बेसवरून) धावत सुटलेला मुलगा त्याच्यावर आदळला, लेकाचा ओठ फुटला, आणि अंपायरने त्या मुलालाच सेफ, म्हणजे नाबाद, दिलं! मार खाणाऱ्याचीच चूक कशी?

---

पोरी,
आधी ओठाला बर्फ लाव. मग त्याला विचार, धडक बसली तेव्हा चेंडू ग्लोव्हमध्ये होता का? सगळं त्यावर आहे.

बॅटला लागून आलेला चेंडू फील्डर उचलत असेल, तर वाट फील्डरची. रनरने त्याला चुकवून जायचं, आड आला तर रनर आऊट. पण चेंडू दुसऱ्या फील्डरने फेकलेला असेल, तर हातात येईपर्यंत वाट रनरची. रिकाम्या हाताने वाट अडवणं म्हणजे ऑब्स्ट्रक्शन.

पूर्वी प्लेटवर धडका सर्रास चालायच्या. २५ मे २०११ ला सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी याच्यावर रनर स्कॉट कझिन्स आदळला. पोझीचा पाय मोडला, घोट्याचे लिगामेंट फाटले, अख्खा हंगाम गेला. तेव्हा ते नियमात बसत होतं! २०१४ ला मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगने, नियम आणला: कॅचरला धडकण्यासाठी रनरने सरळ वाट सोडायची नाही. सोडली, तर कॅचरच्या हातून चेंडू सुटला तरी रनर आऊट. आणि चेंडू नसताना कॅचरने वाट अडवायची नाही. चेंडू घेण्यासाठीच वाटेत जावं लागलं, तर तेवढी मुभा आहे.

आपल्या पेठांच्या फुटबॉलमध्ये खांद्याला खांदा लावणाऱ्याला शाबासकी मिळते, म्हणून इथल्या पोरांना हे पटवताना माझा घसा बसतो.

---

काका,
विचारलं. चेंडू यायचा होता. हा आधीच रनरच्या रेघेवर उभा होता म्हणे.

---

मग अंपायर बरोबर होता. पण पोरगं चुकीचं शिकलंय, घाबरट नाही, हे त्याला नक्की सांग.

प्लेटच्या पुढे, मैदानाच्या आतल्या अंगाला उभं राहायचं. थर्डवरून येणाऱ्याला प्लेटची कड दिसली पाहिजे. चेंडू हातात आला की मगच वळून टॅग, म्हणजे चेंडूसकट रनरला शिवायचं. मी इथे फक्कीने रनरची वाट आखतो आणि चेंडू येण्याआधी त्या पट्ट्यात पाय पडला, की पोराला तोच थ्रो पुन्हा घ्यायला लावतो. आठवडाभरात पाय आपोआप बाहेर राहतो.

आणि तुमच्या लीगचे नियम मागून घे. लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, चेंडू घेऊन टॅगसाठी थांबलेला फील्डर समोर असेल, तर रनरने स्लाइड करायचं (जमिनीवरून घसरत जायचं) नाहीतर बाजूने जायचं. तुमच्याकडे तसं असेल, तर दोन्ही संघांच्या पोरांना एकदम उभं करून सांगा. ओठ कुणाचाही फुटू नये.

ओठाचं कळव.