मदत हवी आहे : कर्मेल डोंगरावरील लोकांचे दंडवत

बायबलमधील पहिले राजे या पुस्तकाच्या अध्याय 18 मध्ये, परमेश्वर की बआल (कनानी देव) या संदेष्टा एलीयाच्या प्रश्नावर अवाक्षरही न काढणारे लोक (वचन 21) त्याच्या होमबलीवर अग्नी उतरताच पालथे पडतात आणि परमेश्वर हाच देव असल्याचे दोनदा पुकारतात (वचन 39). पण पुढच्याच अध्यायात इस्राएलने करार सोडला, आपण एकटेच उरलो, असे एलीया म्हणतो. लेवीय 9:24 आणि दुसरे इतिहास 7:3 येथील अशीच दंडवते मी ताडून पाहिली, परंतु तेथे बआलाशी सामना नसल्याने उलगडा झाला नाही. एलीयाने सांगताच बआलाचे संदेष्टे लोकांनीच पकडले (18:40), तेव्हा ‘केवळ भीती’ हे उत्तर मला उथळ वाटते. मला हिब्रू येत नाही आणि प्रवचने नकोत. अभ्यासक हे दोन अध्याय मुळात स्वतंत्र परंपरांतले मानतात, की राशी, रदाक यांसारखे यहुदी भाष्यकार एलीयाच्या तक्रारीचा अर्थच वेगळा लावतात?