पूल्ड डेस्कटॉपला डीआर लागत नाही म्हणे!

खडूस ॲडमिन (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका चर्चेत 'इमेजवाले' यांनी ठोकून दिलं: डेस्कटॉप पूल्ड (सर्व्हरवरचे, सगळ्यांत वाटून वापरायचे व्हर्च्युअल डेस्कटॉप) असतील तर डीआरवर (मुख्य साइट पडली तर काम चालवणाऱ्या दुसऱ्या साइटवर) खर्च म्हणजे उधळपट्टी, गोल्डन इमेज (ज्यावरून सगळी मशीन बनतात तो मूळ साचा) दुसऱ्या साइटवर ठेवा, पूल उभा करा, तासाभरात माणसं कामाला. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि लांबलं, म्हणून हा धागा.

इमेज हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग. माणूस लॉगिन होईपर्यंत काय काय जिवंत लागतं ते बघा. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा), गेटवे (बाहेरून आत यायचं दार) आणि त्याचं सर्टिफिकेट, एमएफएचा (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या ओळखतपासणीचा) रेडियस सर्व्हर, एडी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, युजर आणि मशीनची नोंदवही), ब्रोकर (कोणाला कोणतं मशीन द्यायचं ते ठरवणारा), ब्रोकरचा एसक्यूएल डेटाबेस, मशीन, प्रोफाइल शेअर (युजरची सेटिंग्ज आणि फाइली ठेवायची सामायिक जागा), आणि शेवटी ते ॲप ज्याच्यासाठी हा खटाटोप. यातलं एक जरी मेलेल्या साइटवर राहिलं तर पूल हिरवा दिसतो आणि आत कोणीच जात नाही.

सिट्रिक्स (व्हर्च्युअल डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एमसीएसचा (एका इमेजवरून मशीन बनवणाऱ्या त्याच्या सुविधेचा) कॅटलॉग, म्हणजे मशीनचा गट, त्याच्या होस्टिंग कनेक्शनला (ती मशीन जिथे चालतात तिथल्या जोडणीला) आणि स्टोरेजला बांधलेला असतो. स्टोरेज रेप्लिकेशनने (डेटाची सतत प्रत काढून) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, पलीकडे नेल्या तरी ब्रोकर त्यांना ओळखणार नाही. डीआरला वेगळा कॅटलॉग आधीच बांधून ठेवावा लागतो, आणि मास्टर इमेज बदलली की त्याच चेंज तिकिटात दोन्हीकडे अपडेट. 'नंतर करू' म्हटलं की डीआरची इमेज तीन पॅच मागे राहते.

दुसरं म्हणजे लोकल होस्ट कॅशे (डेटाबेस नसताना ब्रोकर चालू ठेवणारी सोय). डेटाबेस गेला तरी चालेल, असं समजून लोक निवांत असतात. पण त्या काळात पॉवर मॅनेजमेंट (मशीन चालू-बंद करणं) बंद असतं. पूल्ड सिंगल-सेशन मशीन लॉगऑफनंतर रीबूट झाल्याशिवाय पुढच्याला मिळत नाही, म्हणून ब्रोकर ती मुळातच देत नाही. 'रीयूज मशीन्स विदाउट शटडाउन इन आउटेज' सेटिंग आधी चालू केलेलं नसेल तर तुमचे पूल्ड डेस्कटॉपच सगळ्यात आधी जातात.

इमेजवाले

वा, माझ्या नावाने धागा! सत्कार समजतो.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची, विंडोज मशीन पाडणारी खराब फाइल आपल्या वेळेने सकाळी ९:३९ ला सुटली, १०:५७ ला मागे घेतली. पर्सनल डेस्कटॉपवाले (प्रत्येकाला कायमचं एक मशीन) सेफ मोडमध्ये जाऊन फाइल उडवत होते, बिटलॉकरच्या (डिस्क एन्क्रिप्शनच्या) चाव्या शोधत होते. नॉन-पर्सिस्टंट (रीबूटला पुसला जाणारा) पूल होता त्यांनी नंतर रीबूट केला, मशीन स्वच्छ इमेजवर आलं, विषय संपला. हेच तर माझं म्हणणं आहे. मशीन फेकून देण्याजोगं ठेवा.

खडूस ॲडमिन

आणि ब्रोकर, एसक्यूएल, डोमेन कंट्रोलर कशावर चालतात? विंडोज सर्व्हरवरच ना? ते काही पूल्ड नव्हते. त्यांच्यावरही तोच क्राउडस्ट्राइकचा एजंट होता.

स्टोरेजकाकू

दोघेही मशीनवर भांडताय. प्रोफाइल कुठे आहे, ते सांगा आधी.

एफएसलॉजिक्सचे (युजरची प्रोफाइल एका व्हर्च्युअल डिस्क फाइलमध्ये, म्हणजे कंटेनरमध्ये, ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) आकडे मायक्रोसॉफ्टनेच दिलेत: चालू कामात माणशी १० आयओपीएस (डिस्कवर सेकंदाला होणारी वाचन-लेखनं), लॉगिन-लॉगऑफच्या वेळी ५०. फेलओव्हरनंतर (काम डीआरवर हलवल्यावर) ४०० माणसं एकाच वेळी आत घुसली तर २०,००० आयओपीएस. डीआरला जुना, मुख्य साइटवरून उतरवलेला फायलर (फाइल साठवणारं स्टोरेज) लावायची आपल्याकडे रीत आहे. मग लॉगिनला पाच-पाच मिनिटं लागतात आणि लोक म्हणतात डीआर बंद आहे.

माझ्या मते सरळ उपाय म्हणजे क्लाउड कॅशे, प्रोफाइल एकाच वेळी अनेक शेअरवर लिहिणारी एफएसलॉजिक्सची सोय. तिच्या सीसीडीलोकेशन्स सेटिंगमध्ये दोन्ही साइटचे शेअर द्या. मुख्य साइटवर तिचा शेअर आधी, डीआरवर उलटा क्रम, म्हणजे वाचन जवळूनच होतं.

रात्रपाळी

काकू, आदर आहे, पण क्लाउड कॅशे म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. प्रत्येक लिखाण आधी होस्टच्या लोकल डिस्कवर, मग तिथून दोन्ही शेअरवर. म्हणजे होस्टला एसएसडी हवी आणि जागा राखून ठेवायला हवी. ही डिस्क भरली की त्या होस्टवरची सगळी सेशन्स एकदम लटकतात. लॉगऑफला साठलेलं सगळं बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. सहा वाजता ऑफिस सुटलं की बघा मजा. साधे व्हीएचडी लोकेशन्स (एका वेळी एकाच शेअरवर कंटेनर) ठेवा, स्टोरेजकडून रेप्लिकेशन करा, १५ मिनिटांचा डेटा गेला तर गेला.

स्टोरेजकाकू

'गेला तर गेला' हे युजरला तुम्ही सांगणार का? आणि स्टोरेज रेप्लिकेशनमध्ये उघडा कंटेनर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत पलीकडे जातो. व्हीएचडीएक्स (कंटेनरची फाइल) बहुतेक वेळा माउंट होतो, पण आतली प्रोफाइल धड असेलच याची हमी नाही.

लॉगऑफ मंदावतो कारण तुम्ही सगळं एकाच कंटेनरमध्ये कोंबता. ओएसटी (आउटलुकच्या मेलची स्थानिक प्रत) आणि वनड्राइव्हची कॅशे वेगळ्या ओडीएफसी (ऑफिसच्या डेटाच्या) कंटेनरमध्ये टाका आणि ती पलीकडे पाठवूच नका. सर्व्हरवरून पुन्हा उतरते. टीम्सची कॅशे रीडायरेक्शन्स फाइलने (कंटेनरमध्ये काय नको ते सांगणाऱ्या) बाहेर काढा. मग पलीकडे जाणारा माल मोजकाच उरतो.

रात्रपाळी

पुन्हा उतरते खरी! ४०० जणांच्या ओएसटी एकाच सकाळी डीआरच्या इंटरनेट लिंकवरून. ती लिंक मुख्य साइटच्या निम्मी. ॲप चालायला काय उरणार? आउटलुकची सिंक विंडो (किती मागचे मेल उतरवायचे ते) एक महिन्यावर आणणारी पॉलिसी डीआरच्या ओयूवर (एडीतल्या त्या मशीनच्या गटावर) आधीच लावलेली असेल तर तुमचं म्हणणं मान्य. तेवढंच.

आणि मधली लिंक तुटली पण दोन्ही साइट जिवंत आहेत, अशा वेळी? माणूस सकाळी इकडे, दुपारी तिकडे. दोन कंटेनर वेगवेगळे पुढे गेले. क्लाउड कॅशे ते एकत्र करत नाही. एक बाजू जाणार.

स्टोरेजकाकू

म्हणून एका माणसाला एकच घर-साइट, आणि डीआरचा पूल बंद. तो माणसाने निर्णय घेऊन उघडायचा, आपोआप नाही. हे मी आधी लिहिलं नाही, कारण एवढं गृहीत धरते.

रात्रपाळी

इथेच तर लोक मरतात, 'गृहीत'मध्ये.

ठाणेकर

अवांतर: तुमचे शेअर कितीही सिंक होवोत, मुळात दुसरी साइट कुठे आहे? बीकेसीत मुख्य आणि महापेला डीआर, याला डीआर म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड पडली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळंच अंधारात. जनरेटर चालले, पण रेप्लिकेशनच्या मार्गातलं वाटेवरचं नेटवर्कचं केबिन बॅटरीवर असेल तर ते काही तासांत बसतं. सेबी एक्स्चेंजना वेगळा सिस्मिक झोन (भूकंपाचा पट्टा) सांगते, नाहीतर किमान ५०० किलोमीटर.

इमेजवाले

५०० किलोमीटरवर डेस्कटॉप ठेवा आणि ॲपचा डेटाबेस मुंबईत राहू द्या. प्रत्येक क्वेरीला पंधरा-वीस मिलिसेकंद, आणि एका स्क्रीनला शंभर क्वेरी मारणारं जुनं थिक-क्लायंट (डेस्कटॉपवरून थेट डेटाबेसशी बोलणारं) ॲप. काढा हिशोब. डेस्कटॉप ॲपच्या शेजारीच हवा. शिवाय डीआर असून उपयोग काय? २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचा बाजार ११:४० ला थांबला, पावणेचारला उघडला. डीआर साइट होती, पण तिकडे गेले नाहीत.

ठाणेकर

उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय राव. त्यानंतर मार्च २०२१ मध्येच सेबीने एक्स्चेंजसाठी आरटीओ (काम पुन्हा सुरू करायची मुदत) ४५ मिनिटांवर आणला. 'डीआर नको' असं कोणी म्हटलं नाही, 'लवकर ठरवा' म्हटलं.

खडूस ॲडमिन

धागा पळवल्याबद्दल सगळ्यांचे आभार. इमेजवाल्यांचं एक मान्य: डेस्कटॉप आणि ॲप एकत्रच हलले पाहिजेत. रनबुकमध्ये (फेलओव्हरच्या पायऱ्या लिहिलेल्या दस्तऐवजात) ॲप टीमची सही नसेल तर फक्त डेस्कटॉप हलवूच नका. बाकी त्यांचा 'तासाभरात' अजून हवेतच आहे.

आणि ड्रिल, म्हणजे डीआरची रंगीत तालीम. पर्सनल डेस्कटॉपच्या रेप्लिका बंदिस्त नेटवर्कमध्येच उठवा. चुकून खऱ्या डोमेनला लागल्या आणि मशीन अकाउंटचा पासवर्ड बदलला, तर मूळ मशीनचा डोमेनशी असलेला ट्रस्ट तुटतो. बंदिस्त ठिकाणी नवीन केएमएस (विंडोज ॲक्टिव्हेट करणारा सर्व्हर) उभा केला तर २५ क्लायंटशिवाय विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही. त्याने काम अडत नाही, पण ड्रिलचा अहवाल लाल होतो. एडी-आधारित ॲक्टिव्हेशन घ्या, ही आकड्याची अटच नाही.

इमेजवाले

म्हणजे डीआर लागतो तो एडीला, एसक्यूएलला, फायलरला. डेस्कटॉपला नाही. जिंकलो.

रात्रपाळी

जिंका. पण परत कसं यायचं, ते अजून कोणी बोललंच नाही. चार दिवस डीआरवर काम झालं, मुख्य साइट उठली. आता?

स्टोरेजकाकू

मुख्य साइटचा ब्रोकर बंदच ठेवायचा. आधी सिंक उलट्या दिशेने लावायचा आणि मागे राहिलेलं शून्यावर आलं की नाही ते बघायचं. मग शुक्रवारी रात्री डीआरवरचे सगळे लॉगऑफ करायचे. डिस्कनेक्टेड सेशन्ससुद्धा, कारण त्यांनी कंटेनर धरून ठेवलेले असतात. फायलरवर उघड्या व्हीएचडीएक्सची यादी रिकामी झाली की दहा माणसांचं लॉगिन मुख्य साइटवर करून बघायचं. त्यात एक तरी असा हवा ज्याने डीआरच्या दिवसांत डेस्कटॉपवर नवी फाइल ठेवली होती. ती दिसली तर जीएसएलबी (युजरना योग्य साइटकडे वळवणारा) फिरवा. ज्या थिन क्लायंटमध्ये (टेबलावरच्या साध्या टर्मिनलमध्ये) कोणीतरी नावाऐवजी आयपी कोंबलाय, ते सोमवारी आपोआप सापडतील.