मदत हवी आहे: वडिलांच्या फ्लॉप्यांमधली हरिपूरच्या पेवांची नोंद वाचायची आहे (तातडीचे)

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार. माझे वडील वखारभागातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. हरिपूरच्या हळदीच्या पेवांची, म्हणजे जमिनीत खोदलेल्या साठवणीच्या खड्ड्यांची, त्यांनी अनेक वर्षे नोंद ठेवली होती: कोणते पेव कोणाचे, किती खोल, केव्हा भरले आणि केव्हा उघडले. ती सगळी १६ फ्लॉप्यांमध्ये आहे. मी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला, पण फ्लॉपी घातली की संगणक फक्त ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे का’ असे विचारतो. शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवल्या तर आता टाकून द्या म्हणाले. स्वतः पेवात उतरून हळद भरलेली दोन वडीलधारी माणसे आजही हरिपुरात आहेत, त्यांच्यासोबत बसून मला येत्या पंधरा दिवसांत पेवांचा नकाशा करायचा आहे. कृपया थेट उपाय सांगावा.

माहुलीकर (सातारा)
सर्वांत आधी, त्या फॉरमॅटच्या प्रश्नाला चुकूनही ‘होय’ म्हणू नका. आता तुम्ही न लिहिलेल्या गोष्टी विचारतो. फ्लॉपी साडेतीन इंची आहे की सव्वापाच इंची? साडेतीन इंची असेल तर तिला एक भोक आहे की दोन? वडील कोणत्या संगणकावर काम करत होते, मजकूर मराठीत आहे का, आणि लेबलवर एखाद्या प्रोग्रॅमचे नाव आहे का?

प्रीतिसंगम (कराड)
मला उत्तर माहीत आहे, कारण माझ्याकडेही हेच घडले होते. काही लोक १.४४ एमबीची फ्लॉपी जुन्या ड्राइव्हमध्ये ७२० केबी म्हणून फॉरमॅट करत. त्या ड्राइव्हला दुसरे भोक कळत नसे, म्हणून तिथे सारे सुरळीत चालत असे. आजचा ड्राइव्ह ते भोक पाहतो, फ्लॉपी १.४४ ची धरतो आणि त्याला काहीच वाचता येत नाही. लेखनबंदीच्या खिडकीसमोरच्या भोकावर दोन्ही बाजूंनी अपारदर्शक चिकटपट्टी लावा आणि पुन्हा घालून बघा. खर्च शून्य आहे.

कृष्णाकाठ
फ्लॉप्या दोन्ही प्रकारच्या आहेत. वाकणाऱ्या मोठ्या १४ आणि कडक लहान २. मोठ्या यूएसबी ड्राइव्हमध्ये जातच नाहीत हे उघड आहे, म्हणून वेगळे लिहिले नाही. मजकूर अर्थातच मराठीत आहे, कारण बाजारातले हिशेब मराठीतच असतात. लेबलवर फक्त क्रमांक आहेत. संगणक माळ्यावर आहे, त्याची पेटी आडवी आहे.

विश्रामबाग
मग प्रश्नच मिटला. माळ्यावरचा संगणक खाली आणा, वीज जोडा आणि सुरू करा. ज्या ड्राइव्हने फ्लॉपी लिहिली तो तिला सर्वांत चांगले ओळखतो. उगाच नवी यंत्रे विकत घेण्याचे सल्ले येतील, त्यांकडे लक्ष देऊ नका.

माहुलीकर
या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. वीस-पंचवीस वर्षे बंद असलेल्या संगणकाला थेट वीज जोडू नये. वीजपुरवठ्याच्या डब्यात मेन लाइनवर बसवलेले जुने कागदी कपॅसिटर तडकलेले असतात, ओल धरतात आणि पहिल्या काही मिनिटांतच धूर सोडतात. २८६ किंवा ३८६ या जुन्या प्रोसेसरचा बोर्ड असेल तर त्यावरची निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी बहुधा गळलेली असेल, आणि त्या द्रवाने तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतील. आधी पेटी उघडून फोटो टाका. बॅटरी गळलेली दिसली तर ती कापून काढा, डाग व्हिनेगरने पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. डिस्क वाचण्यासाठी मात्र त्या संगणकाची गरजच नाही.

विश्रामबाग
मी स्वतः असे तीन संगणक सुरू केले आहेत आणि एकातूनही धूर आलेला नाही.

माहुलीकर
तुमचे संगणक वाचले याचा आनंदच आहे, पण इथे पणाला लागली आहे ती दुसरी प्रत नसलेली नोंद.

कृष्णाकाठ
चिकटपट्टीचा उपाय लागू पडला! एक लहान फ्लॉपी उघडली, तिच्यात बाजार समितीला लिहिलेली पत्रे आहेत. दुसरी फ्लॉपी घातल्यावर ड्राइव्हमधून घासल्याचा आवाज आला आणि त्यानंतर पहिलीही वाचली जाईना. या दुसरीच्या सरकत्या पत्र्याखाली थोडा वाळलेला गाळ होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरले होते, तेव्हा खालच्या कपाटातल्या वस्तू भिजल्या. मोठ्या फ्लॉप्यांपैकी काहींवर पांढरट ठिपके दिसतात.

माहुलीकर
पुराची गोष्ट पहिल्याच संदेशात हवी होती. आता कृपया हात थांबवा. तो गाळ ड्राइव्हच्या हेडवर, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या टोकावर, बसला आहे, आणि जी फ्लॉपी पुढे घालाल तिच्यावर तेच हेड घासून ओरखडे पाडील. पांढरट ठिपके बुरशीचे आहेत. चुंबकीय थर फिल्मवरून एकदा खरवडला गेला की तो मजकूर कोणत्याही उपायाने परत येत नाही. पहिली फ्लॉपी बहुधा शाबूत आहे, दोष हेडचा आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हेड हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच पहिली फ्लॉपी घाला.

ध्वनिफीत (मिरज)
मी जुन्या टेपवरची गायनाची ध्वनिमुद्रणे जतन करतो. ज्या टेपचा थर चिकट होतो, त्या आम्ही मंद, नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवतो आणि लगेच वाजवून घेतो. फ्लॉपीवरही असाच चुंबकीय थर असतो, त्यामुळे हा प्रयोग करून पाहावा. कॅसेटची स्प्रिंग-पट्टी निघाली असेल तर ती कशी बसवायची, तेही सविस्तर लिहितो.

औंधकर
कॅसेटची पट्टी कोणी विचारलेली नाही. फ्लॉपीला उष्णता देऊच नका. सव्वापाच इंची फ्लॉपीचे पाकीट पीव्हीसीचे असते, ते उष्णतेने वाकडे होते. शिवाय इथला दोष चिकटपणाचा नसून गाळाचा आणि बुरशीचा आहे, त्याला धुणे हाच उपाय. पाकिटाची एक कड ब्लेडने कापा, आतली तबकडी कडेला व मधल्या भोकाला धरून बाहेर काढा, पृष्ठभागाला बोट लावू नका. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रवसाबणाचा एक थेंब टाकून ती हलकेच धुवा, साध्या डिस्टिल्ड पाण्यातून पुन्हा काढा आणि सावलीत वाळवा. मग एखाद्या कोऱ्या फ्लॉपीचे पाकीट रिकामे करून त्यात बसवा. जुन्या पाकिटातले अस्तर बुरशीने भरलेले असते, ते पुन्हा वापरू नये.

प्रीतिसंगम
इतका खटाटोप कशाला? अल्कोहोलने पुसले की बुरशी जाते.

औंधकर
हेडसाठी अल्कोहोल योग्यच आहे. तबकडीचे मात्र तसे नाही. काही कंपन्यांच्या तबकड्यांवर थर धरून ठेवणारा पदार्थ अल्कोहोलने सैल पडतो, म्हणून आधी पाणी वापरावे आणि पाण्याने न निघालेल्या डागापुरतेच अल्कोहोल, तेही बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर करून पाहिल्यानंतर.

हरिपूर रस्ता (सांगली)
फ्लॉपीतले मला काही कळत नाही, पण नोंद पेवांची आहे म्हणून लिहितो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. पेव उघडल्यावर आतली हवा बदलेपर्यंत कोणालाही उतरू देत नसत. २००५ च्या पुराने पुष्कळ पेवे निकामी झाली, आणि आता तिथून जाताना कुठे पेव होते हे पायाखालच्या जमिनीवरून ओळखू येत नाही. तुमच्या वडिलांनी जागा लिहिल्या असतील तर ते काम फार मोलाचे आहे. वाचता आले की इथे अवश्य कळवा.

माहुलीकर
कृष्णाकाठ, माझ्याकडे १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल हा छोटा बोर्ड आहे. हा बोर्ड फायली वाचत नाही. चुंबकीय प्रवाहातला प्रत्येक बदल किती वेळाने आला तेवढेच तो टिपतो, आणि त्यातून सेक्टर (मजकुराचे ठरावीक आकाराचे तुकडे) उलगडण्याचे काम नंतर संगणकावर होते. त्यामुळे खराब ट्रॅकची (तबकडीवरच्या एका वर्तुळाची) पाच-दहा आवर्तने एकदाच टिपून फ्लॉपी बाजूला ठेवता येते आणि पुढचे सगळे प्रयत्न प्रतीवर करता येतात. तुमच्या फ्लॉप्या ३६० केबीच्या असाव्यात: दोन बाजू, ४० ट्रॅक, प्रत्येकी ९ सेक्टर. माझा ड्राइव्ह ८० ट्रॅकचा असल्याने तो दोन-दोन पावले टाकत वाचेल, ते चालते. लिहिणे मात्र त्यावर कधीही करू नये, कारण त्याचे हेड अरुंद आहे आणि त्याने लिहिलेला ट्रॅक मूळच्या ड्राइव्हला नीट वाचता येत नाही. कडेच्या खाचेवर पट्टी लावून आणा म्हणजे लेखनबंदी होईल. पुणे-मिरज मार्गावरची गाडी धरून रविवारी साताऱ्याला या.

विश्रामबाग
मूळ ड्राइव्हच उत्तम, हे माझे मत कायम आहे.

कृष्णाकाठ
रविवारी साताऱ्याला जाऊन आलो. माहुलीकरांनी आणि औंधकरांनी दिवसभर बसून बुरशी लागलेल्या सहा तबकड्या धुतल्या, प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसले आणि मला सगळे समजावत काम केले. त्यांचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. १४ पैकी ११ पूर्ण वाचल्या, दोनांत काही सेक्टर खराब आहेत, आणि क्रमांक ९ ची फ्लॉपी किंचाळल्यासारखा आवाज करू लागल्याने लगेच बाहेर काढली. क्रमांक ४ मध्ये डीबीएफ, म्हणजे तक्त्याच्या रूपात नोंदी ठेवणारी, फाइल आहे. लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर २१२ नोंदी दिसतात, खोली आणि पोती यांचे आकडे स्पष्ट आहेत, पण मालकाच्या आणि प्रकाराच्या रकान्यांत नुसत्या तक्त्याच्या रेषा आणि कोपरे आहेत. कोणता फॉन्ट टाकू? वेळ थोडा आहे.

प्रीतिसंगम
श्री-लिपी किंवा आकृती असणार. ते फॉन्ट टाका.

माहुलीकर
फॉन्ट टाकून काही होणार नाही, कारण ते दोन्ही विंडोजच्या काळातले आहेत आणि ही त्याआधीच्या डॉसवर चालणाऱ्या डीबेस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅमची फाइल आहे. तुमच्या संगणकाचे फोटो मी पाहिले, त्यात एका स्लॉटमध्ये सी-डॅकचे जिस्ट कार्ड आहे. ते कार्ड असले की डीबेससारख्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी लिहिता येत असे आणि फाइलमध्ये इस्की संकेत, म्हणजे भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना दिलेले क्रमांक, साठत. अशी तपासणी करा: प्रकाराच्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द तीन चिन्हांचा आहे का? दुहेरी रेषेचा कोपरा, मग जर्मन वर्णासारखे काहीतरी, मग आणखी एक कोपरा?

कृष्णाकाठ
होय, अगदी तसेच आहे. बहुतेक सर्व नोंदींत तेच आहे.

माहुलीकर
डॉसच्या अक्षरसंचात ही चिन्हे अनुक्रमे २००, २२५ आणि २१२ क्रमांकांची आहेत. इस्कीमध्ये २०० म्हणजे प, २२५ म्हणजे एकाराची मात्रा आणि २१२ म्हणजे व. तुमच्या वडिलांनी तिथे ‘पेव’ असे लिहिले आहे.

इस्की उच्चाराच्या क्रमाने लिहिली जाते, ऱ्हस्व वेलांटीसुद्धा व्यंजनानंतरच येते, आणि युनिकोडमधला देवनागरी विभाग इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला आहे. त्यामुळे रूपांतर सरळ आहे. आधी सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) काढा, फाइल उघडताना आणि काढताना डॉसचा तोच अक्षरसंच ठेवा, आणि मग आयसीयू या संचासोबत येणाऱ्या यूकॉन्व्ह या रूपांतराच्या प्रोग्रॅमने इस्कीतून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत, आणा. डीबीएफवर थेट रूपांतर चालवू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट घेतो, त्यामुळे ठरावीक रुंदीचे रकाने कोलमडतील.

कृष्णाकाठ
नावे उघडली. पहिल्याच नोंदीत आजोबांच्या ओळखीच्या घराण्याचे नाव आहे. शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात मात्र प्रत्येक ठिकाणी फक्त एक आकडा आहे, जागेची खूण कुठेच नाही. वडील खुणा नक्की लिहीत असत.

औंधकर
फाइलचा पहिला बाइट बघा. तो ३ असेल तर शेरे नव्हतेच. १३१ असेल तर शेरे डीबीटी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये आहेत आणि तुम्हाला दिसणारा आकडा त्या फाइलमधल्या ठोकळ्याचा क्रमांक आहे.

कृष्णाकाठ
१३१ आहे. वाचलेल्या तेरा फ्लॉप्यांत डीबीटी कुठेच नाही. म्हणजे ती क्रमांक ९ मध्येच असणार. फ्लॉपी उजेडापुढे धरली तर खिडकीतून मधल्या भोकाजवळ एक बारीक पारदर्शक रेघ दिसते. यूएसबी ड्राइव्हसारखाच एखादा मोठा ड्राइव्ह मिळाला तर आज रात्रीच पुन्हा प्रयत्न करतो.

माहुलीकर
ती फ्लॉपी धुतल्याशिवाय कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, अगदी एकदाही नाही. रेघ मधल्या भोकाजवळ आहे हे त्यातल्या त्यात बरे आहे, कारण शून्य क्रमांकाचा ट्रॅक बाहेरच्या कडेला असतो आणि फायलींची यादी तिथेच असते. डीबीटीचा प्रत्येक ठोकळा ५१२ बाइटचा असतो आणि फ्लॉपीचा सेक्टरही ५१२ बाइटचाच, त्यामुळे एक सेक्टर गेला तर साधारण एका पेवाचा शेरा जाईल, बाकीचे राहतील. आधी बाहेरचे ट्रॅक वाचून घेऊ, मग आतल्या बाजूला एकेक ट्रॅक सरकू आणि दर वेळी हेड पुसू. खरवडलेला ट्रॅक सगळ्यांत शेवटी.

कृष्णाकाठ
ठीक आहे, घालत नाही. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवली आहे. मंगळवारी हरिपुरात बसतो आहोत, मालकांची नावे आणि खोलीचे आकडे छापून नेतो, खुणा त्या दोघांना विचारून हाताने लिहून घेतो. रविवारी सकाळच्या गाडीने क्रमांक ९ घेऊन साताऱ्याला येतो. एक कोरी सव्वापाच इंची फ्लॉपी पाकिटासाठी कोणाकडे असेल तर कृपया कळवावे.

विश्रामबाग
माझ्याकडे दहाची न उघडलेली पेटी आहे. शनिवारी घरी येऊन घेऊन जा.