क्लेमुळे साचा चिकट राहतो
ताई, खडे ओतायला केलेला तुमचा सिलिकॉनचा साचा वर पक्का झाला, पण क्लेला लागून चिकट राहिला म्हणता, तो दोष वजनमापाचा वाटत नाही. प्लॅटिनम सिलिकॉनला, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला, गंधक अजिबात चालत नाही. बऱ्याच क्लेमध्ये ते असतं, लॅटेक्सच्या हातमोज्यांतही. माझाही पहिला साचा असाच गेला; बोट लावलं की काकवीसारखी तार. आता बिनगंधकाचा क्ले आणि नायट्रिलचे मोजे वापरते.

ज्यावरून साचा घेता तो मूळ खडा मात्र लख्ख पुसून घ्या, बोटाचा ठसासुद्धा साच्यातून रेझिनच्या खड्यावर उमटतो. आणि बेळगावच्या जुलैतल्या पावसात इपॉक्सी रेझिन ओतू नका, दमट हवेने वरचा थर पांढुरका होतो. गणपतीच्या मुकुटाचे खडे मी म्हणूनच मे महिन्यात करून ठेवते.