न येणाऱ्या रुग्णांचे काय?
दवाखान्यात येणाऱ्यांच्या तक्रारींवरून वस्तीच्या आरोग्याच्या गरजा कळतात, हे मत मला अर्धेच पटते. कारण उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे शरीरात राहतो आणि ज्यांना त्रासच जाणवत नाही, ते डॉक्टरांकडे फिरकत नाहीत. वेल्समधील ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात तिथले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी म्हणूनच आपल्याकडे नोंदलेल्या सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजण्याचा परिपाठ ठेवला होता. जिथे गरज अधिक तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी, हा ‘व्यस्त (म्हणजे उलट प्रमाणातील) सेवेचा नियम’ही त्यांनीच १९७१ मध्ये मांडला. न आलेल्यांची नोंद ठेवणे कंटाळवाणे आहे खरे; मात्र त्यासाठी महागडी यंत्रे नव्हे, अद्ययावत नोंदवही आणि पाठपुरावा करणारी परिचारिका लागते.